थंड प्लग हवाय? आधी चार प्रश्नांची उत्तरं द्या



गेल्या व्हिडिओत मी बोलून गेलो की गिऱ्हाईक मागेल ते लगेच काढून द्यायचं नसतं. उदाहरण द्यायला वेळ पुरला नाही, म्हणून ते इथे लिहितोय. उदाहरण माझ्याच धंद्यातलं आहे, स्पार्क प्लगचं. तुमचं दुकान किराण्याचं असो, हार्डवेअरचं असो की मोबाईलचं, थोडा वेळ माझ्या काउंटरवर उभे राहा.

माझा मामेभाऊ अमेरिकेत, ह्यूस्टनला असतो. नोकरी सॉफ्टवेअरची आणि वेड गाड्यांचं. त्याच्याकडे व्ही-एट इंजिनची जुनी मस्टँग आहे आणि महिन्यातून एखाद्या शनिवारी तो ती ड्रॅग ट्रॅकवर नेतो. ड्रॅग म्हणजे सरळ पाव मैल, कोण आधी पोहोचतो ते बघायचं. दीड वर्षापूर्वी त्याने गाडीला नायट्रसचं किट बसवलं. २००१ च्या ‘फास्ट अँड फ्युरियस’ सिनेमात बटण दाबलं की गाडी उडाल्यासारखी पळते ना, तेच हे. किट बसवल्यावर त्याचा मला फोन आला, "दादा, तुझं प्लगचं दुकान आहे ना? मग सांग, किती थंड प्लग घालू?"

मी बीबीए आहे, इंजिनिअर नाही. बाबांच्या दुकानात लहानपणापासून बसल्यामुळे जे कळलं ते कळलं. त्यामुळे त्याला आधी हेच सांगितलं की थंड प्लग म्हणजे काय ते नीट समजून घे, नंबर नंतर बघू. तुम्हालाही तेच सांगतो, कारण पुढचा सगळा मुद्दा यावर उभा आहे.

थंड प्लगचा स्पार्क थंड नसतो. स्पार्क कमजोर किंवा जोरदार असण्याशी या शब्दाचा काहीच संबंध नाही. प्लगच्या टोकाला साचलेली उष्णता तो किती लवकर इंजिनच्या हेडमध्ये सोडून देतो, एवढाच त्याचा अर्थ. आत चिनी मातीचं पांढरं टोक असतं. ते लांब असेल तर उष्णतेला बाहेर पडायला लांबचा रस्ता, म्हणून टोक तापलेलं राहतं. हा झाला गरम प्लग. टोक आखूड असेल तर उष्णता पटकन निघून जाते, तो थंड प्लग. टोकाचं तापमान साधारण ४५० ते ५०० अंशांच्या वर असलं की त्यावरचा कार्बन जळून प्लग आपोआप साफ राहतो. पण ते ८०० च्या वर गेलं की टोक शेगडीतल्या निखाऱ्यासारखं लाल होतं आणि स्पार्क पडायच्या आधीच पेट्रोल पेटवतं. पिस्टन अजून वर येतोय आणि वरून स्फोट खाली दाबतोय अशी अवस्था होते. पूर्ण ॲक्सिलरेटरवर हे काही सेकंद चाललं तरी पिस्टनला भोक पडू शकतं.

आता यात नायट्रस काय करतं? नायट्रस ऑक्साइड स्वतः जळत नाही. ते इंजिनमध्ये सुमारे ३०० अंशांला फुटतं आणि त्यातला ऑक्सिजन मोकळा होतो. हवेत वजनाने साधारण २३ टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रसमध्ये ३६ टक्के. जास्त ऑक्सिजन म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं, ताकद वाढते, पण सिलिंडरमधला दाब आणि उष्णताही वाढते. ती उष्णता प्लगच्या टोकावर येते. म्हणून नायट्रसवाले कंपनीने दिलेल्या प्लगपेक्षा थंड प्लग घालतात. एनजीके कंपनीचा ढोबळ नियम आहे की ७५ ते १०० हॉर्सपॉवर वाढवली तर एक पायरी थंड. एका पायरीने टोकाच्या तापमानात साधारण ७० ते १०० अंशांचा फरक पडतो. मूळ प्लग ६ नंबरचा असेल तर १०० हॉर्सपॉवरच्या नायट्रसला ७, दीडशेच्या पुढे ८.

नियम सोपा वाटतो, आणि नेमकी इथेच दुकानदाराची झोप लागते. गिऱ्हाईक म्हणतं "८ द्या", आपण ८ काढतो, बिल करतो, संपलं. पण त्या नियमात सिलिंडर किती ते आलेलंच नाही. मस्टँगच्या आठ सिलिंडरमध्ये १०० हॉर्सपॉवर वाटली की एकेकाच्या वाट्याला साडेबारा येते. आपल्याकडच्या चार सिलिंडरच्या गाडीत तीच १०० घातली तर एकेकाला पंचवीस. मला विचाराल तर चार सिलिंडरवाल्याने या नियमाची खालची बाजू धरावी आणि तरीही घाबरून राहावं.

भावाला दिलेली दुसरी गोष्ट बऱ्याच मेकॅनिकना सांगावी लागते. नंबर हा फक्त चिनी मातीच्या टोकाचा हिशोब आहे. प्लगच्या तोंडाशी जी वाकलेली लोखंडी पट्टी असते, तीसुद्धा तापून लाल होऊ शकते. पट्टी लांब, बारीक आणि आत जास्त डोकावणारी असेल तर तुम्ही दोन पायऱ्या थंड प्लग घाला, निखारा तिथे तयार होणारच. म्हणून नायट्रससाठी आखूड, जाड पट्टीचा, आत कमी घुसणारा प्लग शोधतात. गॅपही कमी करतात. बीकेआर६ई-११ अशा नावातलं शेवटचं ११ म्हणजे १.१ मिलिमीटर गॅप. नायट्रसच्या दाबात एवढ्या अंतरावरून स्पार्क उडी मारायला मागत नाही, इंजिन मिस मारतं, म्हणून तो ०.८ किंवा ०.९ वर आणतात. इरिडियमचा प्लग असेल तर मधल्या बारीक टोकाला टेकू देऊन पट्टी वाकवू नका, ते टोक तुटतं. माझ्या काउंटरवरच तुटलंय, प्लग नऊशेचा होता.

तर भावाने ७ नंबर घातले. दोन शनिवार मजेत गेले. तिसऱ्या वेळी त्याने नायट्रसचे जेट मोठे केले, १०० वरून १५० वर, आणि प्लग ८ घालायचं ठरवलं. घातले. एक रन मारली, इंजिन तिथेच बंद करून प्लग काढले आणि मला फोटो पाठवला. पांढऱ्या चिनी मातीवर मिरीपूड उडवल्यासारखे बारीक ठिपके, काही चमकणारे. माझ्याकडे रात्रीचे दीड वाजले होते. त्याचा मेसेज होता, "दादा, गरम होतंय बहुतेक. ९ नंबर घालू का?"

खरं सांगतो, मी "घाल" म्हणणार होतो. दुकानदाराचा हात असाच जातो. गिऱ्हाईकाने स्वतःच पुढचा नंबर सांगितलाय, माल आहे, मग आपण कशाला अडवायचं? पण भाऊ आधीच तिथल्या पार्टच्या दुकानात पोहोचला होता आणि काउंटरवरच्या म्हाताऱ्याने त्याला प्लग दिलेच नाहीत. त्याने आधी फोटो मागितला. मग विचारलं, जेट बदलले तेव्हा पेट्रोलचा जेट पण बदललास का? टायमिंग किती मागे घेतलं? पेट्रोल कोणतं? आणि नायट्रस चालू असताना फ्युएल प्रेशर किती राहतं ते कधी बघितलंस का?

भावाने पेट्रोलचा जेट बदलला होता. टायमिंगसुद्धा किटच्या पुस्तकाप्रमाणे मागे घेतलं होतं, प्रत्येक ५० हॉर्सपॉवरला साधारण दोन अंश. फ्युएल प्रेशर मात्र त्याने बघितलंच नव्हतं. म्हाताऱ्याने त्याला सांगितलं की ते चमकणारे ठिपके तुझ्या पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे, आता ९ नंबर घातलास तर धोक्याची घंटा थोडी उशिरा वाजेल इतकंच. आठ प्लगची विक्री त्याने सोडली आणि एक प्रेशर गेज विकलं. दुसऱ्या दिवशी भावाने गेज लावून बघितलं तर नायट्रस उघडलं की प्रेशर धाडकन खाली. जुना पंप दीडशेच्या नायट्रसला पुरेसं पेट्रोल देतच नव्हता. ऑक्सिजन भरपूर आणि पेट्रोल कमी, म्हणजे भट्टीच पेटलेली. पंप बदलला, आणि तोही त्याच दुकानातून घेतला. प्लग ८ चेच राहिले.

हे ऐकून मी माझं काउंटर आठवलं आणि मला लाज वाटली.

चार वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक आलं होतं. साधी पेट्रोल हॅचबॅक, घर ते ऑफिस सहा किलोमीटर. कुठूनतरी ऐकून आला होता की रेसवाले थंड प्लग घालतात, पिकअप वाढतो. मी तेव्हा "परफॉर्मन्स पार्ट" या शब्दाच्या प्रेमात होतो. ८ नंबरचा इरिडियम सेट दिला. साध्या निकेलच्या प्लगला दीड-दोनशे मिळतात, इथे एका सेटचे साडेतीन हजार. मी खूश, तो खूश. तीन आठवड्यांनी तो परत आला. सकाळी गाडी चालू होत नाही, सिग्नलला धडधडते, पेट्रोल जास्त खाते. साहजिक होतं. सहा किलोमीटरच्या प्रवासात तो प्लग कधी साफ होण्याइतका तापतच नव्हता, त्याच्यावर काजळी चढत होती. ज्यांनी लुना, एम-८० चालवलीय त्यांना हे सांगायला नको, प्लग काढून पॉलिश पेपरने घासण्यात आपलं अर्धं बालपण गेलंय. तिथे तेलामुळे व्हायचं, इथे मी विकलेल्या प्लगमुळे झालं.

आणि मी काय केलं? "प्लग ओरिजिनल आहे, मेकॅनिकला दाखवा" म्हणालो. त्याने मेकॅनिकला दाखवलं. मेकॅनिकने जुने ६ नंबरचे प्लग साफ करून घातले, गाडी सुतासारखी सरळ झाली. पैसे मी परत केले, पण दोन फोन आल्यावर. ते गिऱ्हाईक गेलं त्याचं एक वेळ सोडा. तो मेकॅनिक महिन्याला माझ्याकडून आठ-दहा हजारांचा माल न्यायचा. तो हळूहळू यायचाच बंद झाला. भांडला नाही, काही बोलला नाही. उद्यमनगरात समोर दिसला तर हात करतो, पण माल दुसरीकडून घेतो. साडेतीन हजारांच्या एका बिलाची ही किंमत.

त्याच उत्साहात मी ८ नंबरचे ४८ प्लग उचलले होते. दोन वर्षांत १६ गेले. उरलेले ३२, खरेदी सहाशेची धरली तर १९,२०० रुपये वरच्या फळीवर धूळ खात बसले. आपल्या बाजारात ५ आणि ६ नंबर चालतात, कारण लोक गाड्या रोजच्या वापरासाठी घेतात. नवीन दुकान टाकणाऱ्यांनी एवढं तरी लिहून ठेवा. व्हिडिओ बघून स्टॉक भरू नका, माझेसुद्धा.

आता दुसरा किस्सा. हा आठवला की अजून पोटात गोळा येतो. एक मुलगा टर्बो गाडी घेऊन कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला जाणार होता. हा खरोखर थंड प्लगचा माणूस. त्याने फोनवर "८ नंबरचे चार" सांगितले आणि मित्राला न्यायला पाठवलं. मी बाहेर होतो. एनजीकेचे ८ नंबर त्याच्या गाडीच्या मापात संपले होते, म्हणून माझ्याकडच्या मुलाने बॉशचे ८ नंबर दिले. ८ म्हणजे ८, त्याची काय चूक? चूक माझी, कारण मी त्याला कधी शिकवलंच नव्हतं की एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होतो, आणि बॉश, चॅम्पियनमध्ये आकडा वाढला की गरम. बॉशचा ८ म्हणजे जवळपास एनजीकेचा ५. दोन पायऱ्या थंड प्लग मागणाऱ्या पोराच्या हातात आम्ही मूळ प्लगपेक्षाही गरम प्लग दिला होता. टर्बो गाडी, ट्रॅक, पूर्ण ॲक्सिलरेटर.

रात्री बिलं लिहिताना माझी नजर पडली. फोन लावला, तो उचलेना. पाच वेळा लावला. शेवटी त्याने उचलला, प्लग अजून टूलबॉक्समध्येच होते. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या व्यापाऱ्याकडून बरोबर सेट घेऊन ट्रॅव्हल्सने पाठवला, खर्च माझा. कुणाचं काही बिघडलं नाही. पण ते प्लग त्याच रात्री घातले असते तर?

त्यानंतर काउंटरवर काचेखाली एक कागद ठेवलाय. एनजीके ६ म्हणजे डेन्सो २०, बॉश ७. एनजीके ७ म्हणजे डेन्सो २२, बॉश ५. एनजीके ८ म्हणजे डेन्सो २४, बॉश ४. खाली लाल पेनाने लिहिलंय, "आकडा नाही, कंपनी आधी बघ." आणि थंड प्लग मागितला की मुलांनी चार गोष्टी विचारायच्या. सध्या गाडीत कोणता प्लग आहे, पूर्ण कोड सांगा, शक्यतो फोटो दाखवा. थंड कशासाठी, नायट्रस की टर्बो की नुसतं ऐकलंय, आणि ताकद किती वाढवलीय. गाडी रोज चालते की फक्त ट्रॅकवर. शेवटचा प्रश्न म्हाताऱ्याकडून उचललेला, पेट्रोल आणि टायमिंगचं काय केलंय. पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण कोडमध्ये आट्याची लांबीसुद्धा असते. थंड शोधताना लांब आट्याचा प्लग दिलात तर तो आत पिस्टनवर आपटेल. बदलायचा तो फक्त हीट रेंजचा आकडा. आटे, लांबी, बैठक सगळं तेच हवं.

धंद्यातले मित्र मला हसतात. म्हणतात, तू काय डॉक्टर आहेस का? माल विक, पैसे घे. तू नाही दिलास तर ऑनलाइन घेईल, तेही शंभर रुपये स्वस्त. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. प्रश्न विचारले म्हणून चिडून निघून गेलेली गिऱ्हाईकं माझ्याकडेही आहेत, एकाने तर "द्यायचं नसेल तर दुकान बंद कर" म्हटलं होतं. पण भावात मी ऑनलाइनला कधीच हरवू शकत नाही. मग मी उरतो कशासाठी? ते ॲप त्या पोराला रात्री पाच वेळा फोन लावणार नव्हतं. काउंटरवरचे प्रश्न हाच माझा माल आहे असं मी आता धरून चालतो, डबीतला प्लग त्याच्यासोबत जातो.

एका बाबतीत मात्र मी प्रश्नसुद्धा विचारत नाही, सरळ नाही म्हणतो. रस्त्यावरच्या गाडीला नायट्रस बसवायचंय म्हणून प्लग हवे असतील तर माझ्याकडे मिळणार नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. कायदा एक बाजूला ठेवा. ट्रॅकवर पिस्टन गेला तर गाडी बाजूला घेता येते आणि मदतीला माणसं उभी असतात. हायवेवर मागून ट्रक येत असतो. ही विक्री मी सोडली तर माझं महिन्याचं एखादं बिल कमी होतं, ते परवडतं.

भाऊ डिसेंबरात गावी येतोय. त्या म्हाताऱ्यासाठी आईने लाडू पाठवायचं ठरवलंय, का ते तिला नीट कळलेलं नाही, पण पोराचं इंजिन वाचवलं एवढं तिला पुरे आहे. ते ३२ प्लग अजून वरच्या फळीवर आहेत. कुणी खरोखर ट्रॅकवर जाणारं असेल तर खरेदीच्या दरात देतो. येताना जुना प्लग खिशात टाकून आणा.